शून्याला कुलूप

टेलिफोनचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण तो कसा पसरला ते लिहितात. पहिलं एक्स्चेंज कधी उघडलं, पहिली लाइन कुठे गेली, किती लाख जोडण्या झाल्या. मी इथे उलट्या बाजूने पाहणार आहे. टेलिफोन टेबलावर आल्यानंतर तो कसा अडवला गेला, कुणी अडवला आणि कशासाठी, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यातही कार्यालयातला टेलिफोन आणि त्याच्यावरून बाहेरगावी बोलायला असलेली बंदी.

फुलंब्री माझं गाव. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, गिरिजा नदीच्या काठचं. मी विद्यापीठातला संशोधक नाही. रद्दीवाल्याकडून वजनावर विकत घेतलेल्या फायली, जुनी बिलं, निवृत्त माणसांच्या गप्पा आणि कायद्याची पुस्तकं एवढ्यावर माझा अभ्यास उभा आहे. या विषयात शिरलो तेव्हा मला वाटत होतं की उत्तर सोपं आहे: बाहेरगावचा फोन महाग, म्हणून कुलूप. पण कागद लावत गेल्यावर वेगळंच दिसू लागलं. बाहेरगावचा फोन सगळ्यात अवघड आणि महाग होता, तेव्हा टेलिफोनला कुलूप नव्हतं. कुलूप आलं ते बाहेरगावचा फोन सोपा झाल्यावर.

ऑपरेटरचं तिकीट

१८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. ती खासगी कंपनीची होती. पुढे सरकारने ती ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशात मिळून सुमारे ८० हजार टेलिफोन होते. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४८ नंतर तो भारतात आला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि मग टपाल व तार खात्याच्या खांबांमागोमाग हळूहळू टेलिफोनही तालुक्यांच्या गावी पोचले.

त्या काळी बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ज्यांचं वय पन्नाशीच्या आत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण ऑपरेटरला गाव आणि नंबर सांगायचा. ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं. अर्जंटला दर दुप्पट. लाइटनिंग म्हणून आणखी एक प्रकार होता, तो कित्येक पट महाग. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पी. पी. कॉल. मग रिसीव्हर ठेवून वाट बघायची. लाइन कधी तासाभराने लागे, कधी दिवस मावळल्यावर, कधी लागतच नसे. लागली की तीन मिनिटांचा हिशेब सुरू होई, आणि तीन मिनिटं भरली की ऑपरेटर मध्ये बोलून तसं सांगे.

या सगळ्या त्रासात एक गोष्ट आपोआप घडत होती. प्रत्येक कॉलचं ऑपरेटर तिकीट भरत होता. कुठल्या नंबरवरून, कुठल्या गावी, कुठल्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटं. महिन्याच्या बिलात ट्रंक कॉल एकेक करून उतरत. कार्यालयात त्याला जोड म्हणून ट्रंक कॉल रजिस्टर असे. तारीख, वेळ, गाव व नंबर, कुणाशी बोलणं झालं, सरकारी की खासगी, आणि शेवटी सही. खासगी कॉल असेल तर पैसे भरून घेत. बिल आलं की लेखापाल ते रजिस्टरशी ताडून पाही. एखाद्या कारकुनाने गुपचूप पुण्याला फोन केलाच, तर महिन्याभरात त्याचं गाव, वेळ, मिनिटं सगळं कागदावर समोर येई. अशा व्यवस्थेत कुलपाची गरज काय? पहारा देणारा माणूस लाइनीच्या पलीकडच्या टोकाला बसलेला होताच.

ऑपरेटर हा माणूस असल्याचे तोटेही होते. अमेरिकेत अल्मन स्ट्राउजर नावाच्या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या दुकानदाराला संशय होता, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाकडे वळवते. त्या रागातून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधलं, असं सांगतात. पेटंट १८९१ चं. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडून देऊ, पण स्ट्राउजर पद्धतीची यंत्रं पुढे जगभर गेली, भारतातही आली. तबकडी फिरवून नंबर लावायचा, मध्ये माणूस नाही. गावातल्या गावात ही सोय आधी आली. बाहेरगावासाठी ती यायला बराच काळ गेला.

पुसली गेलेली नोंद

ब्रिटनमध्ये ग्राहकाने स्वतः बाहेरगावचा नंबर फिरवण्याची सोय डिसेंबर १९५८ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाली. तिचं नाव सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग. त्याची आद्याक्षरं म्हणजे आपलं एसटीडी. भारतात पहिली एसटीडी नोव्हेंबर १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात सुरू झाली, म्हणजे ब्रिटनपाठोपाठ दोनच वर्षांत. नंबराच्या आधी शून्य फिरवायचं, की एक्स्चेंजमधलं यंत्र आपली लाइन गावाबाहेरच्या वाटेला लावून देणार.

आता पैसे मोजायचे कसे, हा प्रश्न आला. अमेरिकेत त्यासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशी यंत्रं बसवायला सुरुवात झाली, की ती प्रत्येक लांबच्या कॉलची नोंद कागदी पट्टीवर आपोआप भोकं पाडून ठेवत. ऑपरेटर गेला तरी त्याचं तिकीट राहिलं. ब्रिटनने आणि त्यामागोमाग आपण दुसरा, स्वस्तातला रस्ता धरला. प्रत्येक ग्राहकाच्या नावाचं एक मीटर एक्स्चेंजमध्ये होतंच. गावातला कॉल झाला की ते एक आकडा पुढे सरकायचं. बाहेरगावचा कॉल चालू असताना त्याच मीटरला ठरावीक वेळाने टोले पडू लागले. अंतर जितकं जास्त, तितके टोले जवळजवळ. रात्री दर कमी, म्हणजे टोल्यांमधलं अंतर वाढलेलं. लोकांच्या तोंडी ‘मीटर पळतंय’ हा शब्दप्रयोग आला तो इथून.

हिशेबाची ही युक्ती सुटसुटीत होती, पण तिने एक गोष्ट नाहीशी केली. गावातला कॉल आणि दिल्लीचा कॉल एकाच मीटरवर, एकाच आकड्यात मिसळून गेले. बिलावर मागचं वाचन, आताचं वाचन आणि दोहोंची वजाबाकी. त्यातले किती टोले समोरच्या दवाखान्याला केलेल्या फोनचे आणि किती मुंबईचे, हे बिलावरून सांगता येत नव्हतं. कोण बोललं, कुठे बोललं, कधी बोललं, यातलं काहीही कागदावर उरलं नाही.

लेखापालाच्या जागी बसून पाहा. काल त्याच्याकडे प्रत्येक कॉलचा पुरावा होता. आज त्याच्याकडे फक्त एक मोठा आकडा आहे. रजिस्टर आहे, पण ते ताडून बघायला दुसरी बाजूच नाही. ज्याने सही केली त्याचा कॉल कळतो, ज्याने केली नाही त्याचा कधीच कळत नाही. नंतर पकडता येत नाही म्हटल्यावर आधीच अडवणं एवढा एकच उपाय राहतो. टेलिफोनचं कुलूप इथे जन्मलं. पैशाची काळजी आधीही होतीच. नव्याने आली ती नोंद नसल्याची धास्ती.

नवाच्या भोकातलं कुलूप

ते कुलूप अनेकांना आठवत असेल. अंगठ्याएवढं, गोल, पितळेचं किंवा चकचकीत मुलाम्याचं, तबकडीच्या भोकात बसणारं. किल्ली फिरवली की त्याची जीभ मागून भोकाला धरून बसे. तबकडी फिरवताना ते कुलूप बोट अडवणाऱ्या पत्र्याला जाऊन टेके आणि तबकडी पुढे जात नसे.

ते कुठल्या भोकात लावलं याला अर्थ होता. एकच्या भोकात लावलं, तर तबकडी जवळजवळ जागेवरच अडते. फोन फक्त घ्यायचा, करायचा नाही. नवाच्या भोकात लावलं, तर आठपर्यंतचे सगळे आकडे मोकळे, कुलपासकट ढकलली तर तबकडी नवापर्यंतही जाते. अडतं फक्त शून्य, कारण तबकडीवर शून्य शेवटचं, त्याला सगळ्यात लांबचा फेरा. म्हणजे गाव मोकळं आणि बाहेरगाव बंद. बाजारात मिळणाऱ्या एका साध्या कुलपात हा सगळा भेद करण्याची ताकद होती.

पण या कुलपाला एक पळवाट होती. तबकडी फिरून परत येते तेव्हा ती लाइनीतला विजेचा प्रवाह तितक्या वेळा तोडते: पाचाला पाच वेळा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहाच्या गतीने. एक्स्चेंजमधलं यंत्र ते तुटणं मोजतं. प्रवाह तबकडीने तोडला की आणखी कशाने, हे त्याला कळत नाही. रिसीव्हर ठेवायच्या जागी ज्या दोन गुंड्या असतात त्या दाबल्या तरी प्रवाह तुटतो. सफाईने आणि सारख्या तालात त्या दहा वेळा टिचकावल्या की शून्य लागे. कुलूप जागच्या जागी. हा हात सगळ्यांना साधत नसे, पण प्रत्येक मोठ्या कार्यालयात एखादा तरी असा असे. मग कुलपावर उपाय म्हणून अख्खा फोनच लाकडी पेटीत बंद करायची पद्धत आली. वर फक्त रिसीव्हर.

किल्ली कुणाकडे असायची, हे पाहिलं की कार्यालयाची उतरंड कळते. साहेबांच्या टेबलावर डायरेक्ट लाइन, तिला कुलूप नाही. हेडक्लार्कच्या खणात किल्ली. बाकीच्यांनी कारण सांगून मागायची. कारण सांगायचं म्हणजे घरातलं आजारपण, सोयरीक, कर्ज सगळं चारचौघांत बोलायचं. ट्रंक कॉलच्या काळात हे फक्त ऑपरेटरच्या कानी पडे, आणि तो तर दुसऱ्या गावी असायचा.

मामांची वसुली

१९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी नुकताच एका कार्यालयात लागलो होतो. कार्यालयाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. टेलिफोन एकच, कुलपातला. एका पाळीचं बिल नेहमीच्या चौपट आलं. रजिस्टरमध्ये त्याचा हिशेब लागेना. तक्रार केली, तर मीटर बरोबर असल्याचं उत्तर आलं. मग आत चौकशी सुरू झाली. तर्क असा लढवला गेला, की रात्री उशिरा दर पाव होतात, तेव्हा कुणीतरी बोलत बसलं असणार. रात्री कार्यालयात झोपायला कोण असतं? शिपाई.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. साठीला टेकलेले, चौथी शिकलेले. त्यांचे सगळे सोयरे गिरिजेच्या काठच्या पाच-सात गावांत, आणि त्यातल्या एकाही गावात तेव्हा फोन नव्हता. ते एवढंच म्हणाले, “साहेब, मी फोन लावू तरी कुणाला?” या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तरी पगारातून दरमहा वसुली लागली आणि ती त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालली. बिल का फुगलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळण्याची सोयच नव्हती, कारण मीटरवर फक्त आकडा होता.

हे एका कार्यालयाचं वैगुण्य असतं, तर मी ते इथे लिहिलं नसतं. फुगलेल्या टेलिफोन बिलांचे तंटे त्या काळात देशभर चालू होते. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात कलम ७-ब होतं: तंटा झाला तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायचं आणि त्याचा निवाडा अंतिम. बिल पाठवणारं सरकार, लवाद नेमणारंही सरकार. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. एल. जग्गी यांच्या खटल्यात एवढं तरी सांगितलं, की लवादाने निवाड्याची कारणं लिहिली पाहिजेत. लोक ग्राहक मंचांकडेही जात होते. पण २००९ मध्ये एम. कृष्णन खटल्यात न्यायालयाने ७-ब कडे बोट दाखवून तो दरवाजा बंद केला. तो नीट उघडला २०२२ मध्ये, व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात. तोवर तबकडीचे फोन भंगारात गेले होते. हे सगळे खटले ज्याच्या नावावर टेलिफोन आहे त्या ग्राहकाचे. कार्यालयाच्या फोनचा ग्राहक कार्यालय. मामांना यातला कुठलाच दरवाजा नव्हता.

समोरचा बूथ आणि आतलं यंत्र

हरवलेली नोंद परत आली ती कार्यालयात नव्हे, रस्त्यावर. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार केलं. धुळीत, उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालणारं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. नंतर ही खोकी गावोगाव गेली आणि त्यांच्या मागोमाग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले. आमच्याकडच्या बोलीत एसटीडी हे दुकानाचंच नाव झालं. ‘एसटीडीवर जाऊन येतो’ म्हणायचं. अद्रक आणि कापूस पिकवणारे शेतकरी बाहेरच्या बाजारांतल्या आडत्यांना भाव विचारायला तिथे उभे राहू लागले.

बूथवरच्या यंत्रात लाल आकडे डोळ्यांदेखत पळत आणि शेवटी कागदाची चिठ्ठी बाहेर येई. नंबर, वेळ, मिनिटं, रुपये. ऑपरेटरचं तिकीट वीस-तीस वर्षांनी परत मिळालं होतं. याचा परिणाम गमतीचा झाला. स्वतःचा टेलिफोन असलेली कार्यालयं कर्मचाऱ्याला समोरच्या बूथवर पाठवू लागली, कारण ती चिठ्ठी व्हाउचरला जोडता येई. टेबलावरच्या फोनला कुलूप, आणि बोलायला रस्ता ओलांडायचा.

मोठ्या कार्यालयांत ईपीएबीएक्स आले. आतल्या प्रत्येक फोनला यंत्रातच दर्जा ठरवून दिलेला: कुणाला फक्त आतल्या आत, कुणाला गावापुरतं, कुणाला एसटीडी, कुणाला परदेश. यंत्र पहिले एक-दोन आकडे तपासतं आणि परवानगी नसेल तर नुसता टूंटूं आवाज देतं. एक्स्चेंजही इलेक्ट्रॉनिक झाल्यावर अर्ज देऊन शून्य तिथूनच बंद करून घेता येऊ लागलं, नंतर गुप्त आकडे दाबून स्वतःच उघडझाप करता येऊ लागली. गुंड्या टिचकावण्याची विद्या संपली. किल्लीच्या जागी आकडे आले, पण ते आकडे ठाऊक असणारा माणूस बहुधा तोच राहिला. मागितलं तर तपशीलवार बिल मिळू लागलं होतं, म्हणजे कुलपाचं मूळ कारण संपलं होतं. तरी बंदी उठली नाही. तोवर तिला दर्जाची खूण म्हणून वेगळा अर्थ आला होता.

अंतर कुणी ठरवलं?

बाहेरगाव म्हणजे नेमकं काय, हेही टेलिफोन खात्यानेच ठरवलं होतं. देशाचे सव्वीसशेहून अधिक छोटे आकारणी विभाग पाडलेले होते, बहुतेक ठिकाणी तालुक्याएवढे. हद्दीच्या आत स्थानिक, बाहेर एसटीडी. त्यामुळे दहा-बारा किलोमीटरवरचं, बैलगाडीने जाता येणारं गाव पलीकडच्या हद्दीत पडलं की बाहेरगाव होई, आणि कुलपामागे जाई. नात्यागोत्याचा आणि बाजाराचा नकाशा एक होता, टेलिफोनचा दुसरा.

सरकारला स्वतःलाच ही अडचण जाणवली. कार्यालयांचे शून्य बंद, आणि जिल्ह्याच्या गावाशी तर रोज बोलणं भाग. मग जवळच्या गावांसाठी शून्याऐवजी ९५ लावायची सोय निघाली. औरंगाबाद ९५२४०, पुणे ९५२०. शून्याला कुलूप असलेल्या फोनवरूनही हे नंबर लागत. काही वर्षं दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवरही ते ९५ छापलेलं असे. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमने देशात कुठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली, आणि लांब-जवळ या फरकातला अर्थच गेला. यथावकाश ९५ ही गेलं.

शून्य मात्र राहिलं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावणं देशभर सक्तीचं झालं. जो आकडा अडवण्यासाठी पितळी कुलुपं, लाकडी पेट्या आणि ईपीएबीएक्समधले दर्जे झाले, तो समोरच्या खोलीतल्या माणसाच्या मोबाइलला फोन करायलाही लागू लागला. ज्या कार्यालयांत जुनं शून्यबंद तसंच राहिलं होतं, तिथल्या टेबलावरून एकही मोबाइल लागेना. आणि फोनसमोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाइल असल्याने त्याचं कुणाला फारसं वाटलंही नाही.

ट्रंक कॉलची रजिस्टरं अल्पकाळ ठेवायच्या कागदांतली. लेखापरीक्षण झालं की रद्दीत. मीटरच्या आकड्यांतून तर काहीच कळण्याजोगं नाही. म्हणजे १९६० ते १९९० या काळात तालुक्याच्या गावातला नोकरदार माणूस कुणाशी बोलू पाहत होता, त्याला किती वेळा नाही म्हटलं गेलं, फुगलेल्या बिलांचे पैसे शेवटी कुणी भरले, याचा कागद जवळजवळ नाही. पगारपत्रकं मात्र जास्त काळ ठेवतात. त्यांच्या कपातीच्या रकान्यात ‘टेलिफोन वसुली’ असा शब्द आणि त्याच्या समोर शिपायाचं नाव मला आतापर्यंत रद्दीतल्या तीन वेगवेगळ्या बंडलांत सापडलं आहे. ज्यांच्या कार्यालयात अशी जुनी पगारपत्रकं अजून असतील त्यांनी ती फेकण्याआधी एकदा तो रकाना वाचावा. या विषयाचा पुढचा अभ्यास तिथूनच करावा लागेल.